कूलंट पुरेसे असूनही पातळी कमी असल्याचा इशारा : सेन्सर बदलावा की आणखी काही पाहावे?

साखळीकर

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे 2015 सालची युरोपीय बनावटीची डिझेल सेडान आहे. रोजचा प्रवास साखळी ते पणजी असा असून अधूनमधून चोर्ला घाटाने बेळगावलाही जावे लागते. यंदा पावसाने जोर धरल्यापासून डॅशबोर्डवर कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी कमी असल्याचा लाल इशारा येऊ लागला आहे. सोबत बीपही वाजतो आणि गाडी थांबवण्याची सूचना दिसते. बाजूला घेऊन बॉनेट उघडले की टाकीतील कूलंट दोन्ही खुणांच्या मधोमध असल्याचे दिसते, आणि तापमानाचा काटाही नेहमीच्या जागीच असतो. काही वेळा गाडी बंद करून पुन्हा सुरू केली की इशारा नाहीसा होतो, तर काही वेळा तो पणजीपर्यंत सोबत येतो.

याबाबत मला दोन सल्ले मिळाले आहेत. एका गॅरेजमध्ये सांगितले की सेन्सर गेला आहे आणि तो टाकीसकटच बदलावा लागेल. दुसऱ्या ठिकाणी कारागिराने सुचवले की कनेक्टरच्या दोन्ही तारा एकमेकींना जोडून टाकू, म्हणजे दिवा पुन्हा कधी लागणार नाही. तापमानाचा काटा आहेच, तो पाहत जावे. पहिला उपाय खर्चिक वाटतो आणि दुसरा मनाला पटत नाही. केवळ सेन्सर बदलता येतो का, ते काम घरी करण्याजोगे आहे का, आणि तारा जोडण्यात नेमका धोका काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

फोंडेकर

साखळीकर, तारा जोडण्याचा सल्ला तुम्हाला पटला नाही हे योग्यच झाले. त्याविषयी आधी लिहितो, कारण आपल्याकडे हा उद्योग सर्रास चालतो. तापमानाचा सेन्सर द्रवात बुडालेला असेल तरच खरे तापमान सांगतो. एखादा होज पाइप फुटून कूलंट वाहून गेले आणि सेन्सरभोवती नुसती हवा किंवा वाफ उरली, तर इंजिनचा हेड तापून वाकडा होईपर्यंत काटा निवांत राहू शकतो. शिवाय आजकालच्या बऱ्याच गाड्यांत चालकाला उगाच काळजी वाटू नये म्हणून काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. तापमान साधारण 75 अंशांपासून शंभरीच्या थोडे पुढे गेले तरी तो 90 वरच उभा असतो. म्हणजे पातळीचा इशारा काट्याच्या आधी मिळतो, आणि काही प्रसंगी तोच एकमेव इशारा असतो. तो कायमचा मुका करून घाट चढणे मला तरी धाडसाचे वाटते.

आता मूळ प्रश्न. सेन्सर मागवण्यापूर्वी इशारा नेमका केव्हा येतो याची चार-आठ दिवस नोंद ठेवा, कारण त्या वेळेवरूनच निम्मे निदान होते. सकाळी थंड इंजिनवर इशारा येत असेल आणि गाडी तापल्यावर जात असेल, तर पातळी काठावर आहे असे समजावे. तापल्यावर कूलंट प्रसरण पावते, टाकीत वर चढते आणि सेन्सरचे समाधान होते. अशा वेळी दोष सेन्सरचा नसून कूलंट खरोखरच थोडे कमी असते. चढावर किंवा तीव्र वळणावरच इशारा येत असेल तर तेच कारण आणखी ठळक होते, कारण उतारावर उभ्या गाडीतील टाकीत पाणी एका बाजूला सरते. फक्त पाऊस असताना किंवा गाडी धुतल्यानंतर येत असेल तर नजर थेट कनेक्टरकडे वळवावी. आणि थंड, गरम, कोरडे, ओले काहीही असले तरी इशारा हटतच नसेल, तर सेन्सर किंवा टाकीतील फ्लोट, म्हणजे पातळीबरोबर वरखाली होणारा तरंगता तुकडा, यांपैकी काहीतरी निकामी झाले आहे.

पातळी पाहण्याचीही एक शिस्त आहे. गाडी सपाट जागी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी पाहावी. रस्त्याच्या कडेला, गरम इंजिनवर, एक चाक गटाराकडे झुकलेले असताना पाहिलेल्या पातळीवर विसंबू नये. टाकीच्या बाहेरून पातळीच्या रेषेवर कागदी चिकटपट्टी लावून ठेवा आणि रोज त्याच वेळी बघा.

वास्कोवाला

फोंडेकरांच्या चिकटपट्टीला माझे अनुमोदन. आमच्या घरच्या गाडीला अगदी हाच इशारा येत असे आणि सर्वांनी मिळून सेन्सरलाच आरोपी ठरवले होते. प्रत्यक्षात वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून कूलंट झिरपत होते. गरम इंजिनवर ते लगेच सुकून जाई, त्यामुळे जमिनीवर डाग पडतच नव्हता. पंपाखाली गुलाबी पापुद्रा मात्र साचलेला होता. तेव्हा साखळीकर, गाडीखाली ओल दिसत नाही एवढ्यावर गळती नाही असे धरू नका. होजच्या क्लॅम्पांभोवती, रेडिएटरच्या प्लॅस्टिक कडांवर आणि पंपाखाली वाळलेला रंगीत थर आहे का ते बॅटरी मारून बघा. पुढच्या डाव्या सीटखालचा गालिचा ओलसर लागत असेल किंवा काचेवर आतून गोडसर वासाचे धुके धरत असेल तर हीटरच्या कोअरचा, म्हणजे डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरचा, संशय घ्यावा. हे सर्व स्वच्छ असूनही पातळी उतरत असेल, तर टाकीच्या तोंडाला हातपंप लावून दाबाची चाचणी करून घ्यावी. गॅरेजमध्ये थोड्या वेळात होणारे काम आहे, पण मागितल्याशिवाय सहसा कोणी करत नाही.

म्हापशेकर

मी म्हापशात गाड्यांच्या विद्युत दुरुस्तीचे काम करतो, म्हणून माझ्या बाजूचे थोडे सांगतो. या सेन्सरचे ढोबळमानाने दोन प्रकार गाड्यांत आढळतात, आणि आपल्या गाडीत कोणता आहे हे कळल्याशिवाय ‘टाकीसकट बदला’ हा सल्ला बरोबर की चूक ते ठरवता येत नाही.

एका प्रकारात टाकीच्या आत दोन धातूच्या पिना असतात. कूलंटमधून या पिनांमध्ये वीज वाहते. पातळी खाली गेली की प्रवाह तुटतो आणि इशारा येतो. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या अनेक गाड्यांत अशी रचना आहे. त्या पिना टाकीच्या प्लॅस्टिकमध्येच बसवलेल्या असल्याने तिथे टाकी बदलण्याला पर्याय नसतो. या प्रकारात एक गंमत अशी की टाकीत निव्वळ डिस्टिल्ड पाणी भरले तर त्यातून वीज पुरेशी वाहत नाही आणि काठोकाठ भरलेल्या टाकीवरही इशारा येऊ शकतो. पिनांवर थर चढला तरी तसेच होते, आणि तो घासून काढला की कित्येकदा काम भागते.

दुसऱ्या प्रकारात टाकीत चुंबक बसवलेला फ्लोट तरंगत असतो आणि बाहेरून लावलेल्या सेन्सरमध्ये रीड स्विच, म्हणजे चुंबकाने चालणारा स्विच, असतो. यात पुन्हा दोन तऱ्हा आहेत. काही टाक्यांना तळाशी बंद खोबण असते आणि सेन्सर त्यात कोरडाच सरकवलेला असतो. तो खटका दाबून ओढला की बाहेर येतो आणि कूलंटचा एक थेंबही सांडत नाही. काहींमध्ये, उदाहरणार्थ बीएमडब्ल्यूच्या ई46 पिढीच्या गाड्यांत, सेन्सर तळातून थेट कूलंटमध्ये शिरलेला असतो आणि ओ-रिंगवर, म्हणजे रबरी कड्यावर, पाणी अडवलेले असते. तिथे टाकी रिकामी न करता सेन्सर फिरवलात तर सगळे कूलंट अंगावर घ्याल.

परंतु माझ्याकडे पावसाळ्यात या तक्रारीच्या ज्या गाड्या येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचा सेन्सर धडधाकट असतो आणि दुखणे कनेक्टरमध्ये निघते. किनाऱ्याकडच्या, म्हणजे मोरजी-कळंगुट भागात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तर हे फारच. खारी हवा आणि दमटपणा यांमुळे पिनांवर हिरवा थर धरतो, आणि कधीकधी तो तारेच्या आवरणाच्या आत वीत-वीत वर चढलेला असतो. कनेक्टर काढून त्यात डोकावा. हिरवे दिसले तर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून मऊ ब्रशने साफ करा, पूर्ण सुकू द्या आणि मग सिलिकॉनचे इलेक्ट्रिकल ग्रीस अगदी थोडे लावा. तार थोडी सोलून पाहा. तांबे काळे पडलेले असेल तर तेवढा तुकडा कापून नवा जोड द्यावा लागेल. उंदरांनी तार कुरतडली आहे का तेही बघून घ्या, पावसात त्यांना बॉनेटखालची ऊब आवडते.

साखळीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे निरीक्षण केले. चिकटपट्टीवरची रेषा जागची हललेली नाही, पंपाखाली व होजभोवती कोठेही पापुद्रा नाही, आणि गालिचा कोरडा आहे. इशारा सुरुवातीला पावसातच येत असे, पण आता तो उन्हातही येतो आणि गाडी गरम असो वा थंड, सहसा जात नाही. कनेक्टरच्या एका पिनेवर हिरवा थर होता. तो साफ करूनही फरक पडला नाही. सेन्सर टाकीच्या तळाशी आहे आणि त्याला खटका दिसतो. टाकीच्या आत पिना दिसत नाहीत. म्हणजे तो फ्लोटचाच प्रकार असावा. आता सेन्सर खराब की फ्लोट अडकलेला, हे मल्टिमीटर वापरून ठरवता येईल का? कनेक्टर काढून ठेवला तर इशारा येतो, हेही नमूद करतो.

मडगावची

ठरवता येईल, आणि तुमच्या शेवटच्या वाक्यातच एक धागा आहे. कनेक्टर काढल्यावर इशारा येतो, याचा अर्थ तुमच्या गाडीत पातळी ठीक असताना परिपथ जुळलेला असतो आणि पातळी उतरली की तो तुटतो. काही कंपन्या याच्या नेमके उलट करतात. तिथे कनेक्टर काढला तर दिवा कधीच लागत नाही आणि चालकाला सर्व आलबेल वाटत राहते. मला पहिली पद्धत अधिक सुरक्षित वाटते, कारण तार तुटली तरी ती निदान ओरडते. दुसऱ्या गॅरेजने तारा जोडायचे सुचवले तेही यामुळेच: त्या जोडल्या की गाडीला टाकी कायम भरलेली वाटणार.

रीड स्विच म्हणजे काचेच्या बारीक नळीत बंद केलेल्या लोखंडमिश्रित धातूच्या दोन पट्ट्या. चुंबक जवळ आला की त्या एकमेकींना चिकटतात आणि दूर गेला की सुटतात. तुमचा सेन्सर कोरड्या खोबणीतून बाहेर येणारा दिसतो, पण ओढण्यापूर्वी म्हापशेकरांनी सांगितलेली दुसरी तऱ्हा नाही ना, याची गाडीच्या पुस्तिकेवरून किंवा सुट्या भागाच्या चित्रावरून खात्री करून घ्या. तो बाहेर काढल्यावर मल्टिमीटर सातत्याच्या, म्हणजे बीप वाजणाऱ्या स्थितीत ठेवून त्याच्या दोन पिनांना लावा आणि फ्रिजवर लावतात तसला साधा चुंबक सेन्सरच्या कडेने वरखाली फिरवा. चुंबकाबरोबर बीप सुरू-बंद होत असेल तर सेन्सर चांगला आहे आणि अडचण फ्लोटची आहे. चुंबक कसाही फिरवला तरी मीटर मख्ख राहिला तर सेन्सर गेला. चुंबक फार कमजोर असेल तर चुकीचा निष्कर्ष निघेल, म्हणून जुन्या स्पीकरमधला किंवा तसला दमदार चुंबक घ्यावा.

फ्लोटचे दोष दोन प्रकारचे असतात. वर्षानुवर्षे विहिरीचे किंवा बोअरचे पाणी ओतलेल्या टाकीत क्षारांचा आणि गंजाचा राप बसतो आणि फ्लोट एका जागी चिकटतो. खाली चिकटला तर खोटा इशारा येतो. तो निदान त्रास देऊन लक्ष तरी वेधतो. वर चिकटला तर टाकी रिकामी झाली तरी इशारा येत नाही, आणि हा दोष कोणाच्या लक्षातच येत नाही. दुसरा प्रकार म्हणजे फ्लोटला तडा जाऊन त्यात पाणी शिरते आणि तो बुडतो. फ्लोट बहुधा टाकीतून वेगळा काढता येत नाही, म्हणून दोष फ्लोटचा निघाला तर मात्र पहिल्या गॅरेजचे म्हणणे खरे ठरेल.

साखळीकर

पुस्तिकेतील आकृती पाहून सेन्सर काढला; खोबण कोरडीच आहे. स्पीकरचा चुंबक सर्व बाजूंनी फिरवला, तरी मीटर एकदाही वाजला नाही. मीटरचे टोक एकमेकांना लावून पाहिले, तेव्हा तो व्यवस्थित वाजतो. तेव्हा सेन्सरच गेला आहे असे मानतो आणि सुटा सेन्सर मागवतो. बसवताना कोणती काळजी घ्यावी?

फोंडेकर

तुमच्या प्रकारात काम सोपे आहे. तरीही इंजिन पूर्ण थंड असताना आणि इग्निशन बंद ठेवूनच ते करा. सेन्सर मागवताना गाडीच्या चॅसिस क्रमांकावरून भाग क्रमांक काढून घ्यावा. एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक कनेक्टरचा आकार बदललेला असतो, आणि वर मडगावच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे परिपथाची पद्धत उलटी असलेला सेन्सर त्याच खोबणीत बसला तर घोळ आणखी वाढेल. कनेक्टरचा प्लॅस्टिकचा खटका इतक्या वर्षांच्या उष्णतेने ठिसूळ झालेला असतो, तो स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये. हेअर ड्रायरची थोडी ऊब दिली की तो नरमतो. नवा सेन्सर खोबणीत शेवटपर्यंत सरकवून खटक्याचा आवाज ऐकावा. अर्धा बसला तर चुंबकाच्या टप्प्याबाहेर राहतो.

ज्यांच्या गाडीत ओ-रिंगवाला सेन्सर आहे त्यांच्यासाठीही लिहून ठेवतो, कारण हा धागा पुढे कोणी वाचेल. टाकीतले कूलंट आधी रबरी नळी आणि मोठ्या सिरिंजने स्वच्छ भांड्यात काढून घ्यावे. ओ-रिंग नेहमी नवी लावावी आणि तिला थोडे कूलंट चोळून बसवावी. साधे ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये. या रिंगा बहुधा ईपीडीएम रबराच्या असतात आणि खनिज तेलाने फुगतात. प्लॅस्टिकच्या आट्यांवर पान्याचा जोर लावू नये. टाकीचे प्लॅस्टिक पिवळे पडून त्यावर केसासारख्या रेषा दिसत असतील, तर तीच वेळ टाकी बदलण्याची समजावी.

कोणत्याही प्रकारात टोपण गरम असताना उघडू नका, हे पुन्हा बजावतो. निम्मे पाणी आणि निम्मे इथिलीन ग्लायकॉल असे मिश्रण मोकळ्या हवेत सुमारे 107-108 अंशांवर उकळते, पण टोपणाने राखलेल्या, बाहेरच्या हवेपेक्षा एक बार जास्त दाबाखाली ते 125 अंशांच्या पुढेही द्रवच राहते. टोपण सैल होताच दाब जातो आणि ते सगळे एकदम उकळून हातातोंडावर येते.

आणि बसवल्यावर चाचणी घ्या. दिवा विझला एवढ्याने सेन्सर चालतो हे सिद्ध होत नाही. थंड इंजिनवर सिरिंजने कूलंट खालच्या खुणेच्या खाली जाईपर्यंत काढा, इग्निशन चालू करा आणि इशारा येतो का पाहा. थोडा वेळ थांबा, कारण पाणी हिंदकळल्यावर उगाच दिवा लागू नये म्हणून काही गाड्या विलंबाने इशारा देतात. इशारा आला की काढलेलेच कूलंट परत भरा. या चाचणीत फ्लोट मोकळा हलतो की नाही हेही कळते.

म्हापशेकर

भरण्याविषयी एक जोड. कमी पडले तर पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच कूलंट वापरा. रंग जुळला म्हणजे प्रत जुळली असे नाही. रंग हा कंपनीच्या पसंतीचा भाग असतो आणि वेगवेगळ्या रसायनांची कूलंट एकत्र केली तर गंजरोधकांचे काम बिघडते, कधी गाळही तयार होतो. गोव्यात बर्फ पडत नाही, मग ग्लायकॉल कशाला, नुसते पाणी पुरे, असे गिऱ्हाईक मला ऐकवतात. थंडीपासून बचाव हे त्याचे अर्धेच काम आहे. उत्कलनबिंदू वाढवणे आणि आतल्या ॲल्युमिनियमला गंजापासून वाचवणे, हे इथल्या हवेत जास्त गरजेचे. पाणी मिसळायचे तर डिमिनरलाइज्ड किंवा डिस्टिल्डच घ्यावे. टाकीपुरते कूलंट काढले असेल तर हवा अडकण्याची भीती फारशी नसते, पण जास्त रिकामे झाले असेल तर हीटर पूर्ण गरमवर ठेवून, पंखा लागेपर्यंत इंजिन चालवून हवा बाहेर काढावी आणि थंड झाल्यावर पातळी पुन्हा बघावी.

साखळीकर

नवा सेन्सर बसवला. पातळी उतरवून पाहिली तेव्हा थोड्या वेळाने इशारा आला, आणि कूलंट परत भरल्यावर गेला. त्यानंतर बेळगावला जाऊन आलो. चोर्ला घाटात जाता-येता दिवा लागला नाही. चिकटपट्टी अजून काढलेली नाही. एकच शंका उरली आहे: चाचणी करताना थोडे कूलंट जमिनीवर सांडले आणि जुन्या डब्यात पूर्वीचे काही शिल्लक आहे. ते परसात ओतले तर चालेल का?

मडगावची

कृपया ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल विषारी असते आणि चवीला गोड लागते, त्यामुळे कुत्री-मांजरे ते चाटतात. थोड्याशा प्रमाणातही त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. परसात विहीर असेल तर प्रश्न आणखी गंभीर. सांडलेले भुशाने किंवा जुन्या कापडाने टिपून ते पिशवीत बांधून ठेवा आणि जागा भरपूर पाण्याने धुऊन काढा. डब्यावर नाव लिहून तो मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा, आणि पुढच्या सर्व्हिसच्या वेळी जिथे वापरलेले ऑइल व कूलंट वेगळे साठवतात अशा गॅरेजला द्या.